मस्टँगला नायट्रस: कोणतं किट, केवढा शॉट आणि पैसा कुठे घालायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१६ ची फोर्ड मस्टँग जीटी, ५ लिटरचं व्ही-८, सहा गिअरची मॅन्युअल, कारखान्यातून आली तशीच. राहायला डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत. गाडी रोज ऑफिसला जाते आणि अधूनमधून एनिसच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) न्यायचा विचार आहे. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बजेटबाहेर, म्हणून नायट्रस, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू. वेट किट (नायट्रसबरोबर पेट्रोलही सोडणारं) घ्यावं की ड्राय (फक्त नायट्रस सोडणारं), शॉट, म्हणजे नायट्रसने मिळणारी जादा हॉर्सपॉवर, १०० चा की १५० चा, आणि ओळखीतल्या एकाकडचं जुनं किट साडेतीनशे डॉलरला मिळतंय ते उचलावं का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) यांच्यामध्ये बसणारी वेट प्लेट घ्या. ७५ हॉर्सपॉवरच्या जेटने (नायट्रस सोडणाऱ्या तोटीने) सुरुवात करा, १०० च्या वर जाऊ नका. जुन्या किटमधली घेण्यासारखी वस्तू म्हणजे बाटली, तीही खांद्यावरची तारीख बघून. आणि किटला जेवढे पैसे लागतील जवळपास तेवढेच ते किट वेळेवर बंद करणाऱ्या वस्तूंना आणि ट्यूनिंगला लागतील असं धरून चाला. तेवढी तयारी नसेल तर यंदा नायट्रस राहू द्या, त्या पैशात चांगले टायर येतात.

शेवटचं वाक्य खोचक वाटेल. पण नायट्रसने गेलेली जी इंजिनं माझ्यासमोर उघडली जातात, त्यांत नुसता शॉट मोठा होता म्हणून इंजिन गेलं असं क्वचितच निघतं. नायट्रस भलत्या वेळी सुरू झालेला असतो, नाहीतर बंद व्हायच्या वेळी बंद झालेला नसतो. किट निवडताना लोक बघतात ते त्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा. मी आधी विचारतो की हे बंद कोण करणार.

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. त्यात वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो. हवेत २३ टक्के. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास त्याचा रेणू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो, म्हणजे सिलिंडरच्या आत, नेमका हवा तिथे. बाटलीत तो दाबाखाली द्रवरूपात असतो. बाहेर पडल्या पडल्या तो उकळतो, आणि त्याचा उकळबिंदू आहे उणे ८८ अंश. त्यामुळे आत जाणारी हवाही गार होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दल हाच वायू जीएम-१ या नावाने उंचावरच्या विरळ हवेत विमानांच्या इंजिनांना देत होतं. ब्रिटिशांनीही मॉस्किटो विमानांवर तो वापरला. म्हणजे ही गोष्ट हॉट रॉडवाल्यांच्या आधीपासूनची. गाड्यांसाठी त्याचा रीतसर धंदा उभा राहिला तो १९७८ मध्ये एनओएस कंपनी निघाल्यावर. १९९९ मध्ये ती होलीने घेतली.

ताकद येते ती जादा पेट्रोल जाळून. नायट्रस फक्त ते जळू देतो. म्हणून आत किती नायट्रस जातो याच्याइतकंच त्याच्या जोडीला पेट्रोल किती जातं हे महत्त्वाचं. पेट्रोल कमी पडलं की मिक्स्चर लीन होतं, तापमान चढतं, नॉकिंग (मिक्स्चर भलत्या वेळी आपसूक पेटणं) सुरू होतं, आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला हे सोसायला फार वेळ मिळत नाही.

आता एक हिशेब. किट घेण्याआधी तो कागदावर करून बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सुपरचार्जर इंजिनाबरोबर फिरतो: इंजिन हळू तर हवा कमी, इंजिन जोरात तर हवा जास्त. नायट्रसचा जेट म्हणजे नुसतं मोजून पाडलेलं भोक. १०० हॉर्सपॉवरच्या जेटमधून सेकंदाला साधारण ३५ ग्रॅम नायट्रस जाणार, मग इंजिन २००० आरपीएमवर असो की ६५०० वर. २००० वर त्या एका सेकंदात सिलिंडर कमी वेळा भरतात, म्हणजे प्रत्येक भरणीच्या वाट्याला नायट्रसचा घास तिपटीहून मोठा येतो. टॉर्कचं सूत्र सरळ आहे: हॉर्सपॉवर गुणिले ५२५२, भागिले आरपीएम. ६५०० आरपीएमवर १०० हॉर्सपॉवर म्हणजे ८१ पाउंड-फूट जादा. ३००० वर तेच १०० होतात १७५. आणि २००० वर २६३.

तुमच्या इंजिनाचा कारखान्याने दिलेला सर्वाधिक टॉर्क आहे ४०० पाउंड-फूट, तोही ४२५० आरपीएमवर. सहाव्या गिअरमध्ये रमतगमत चाललेल्या गाडीला २००० वर पूर्ण थ्रॉटल दिला आणि नायट्रस सुरू झाला, तर त्या आरपीएमला जो टॉर्क असतो त्यावर एकाएकी अडीचशेहून अधिकची भर पडते. कनेक्टिंग रॉड वाकतात ते असे. तेच १०० हॉर्सपॉवर ४००० च्या वर दिले तर याच रॉडना त्याचं फार काही वाटत नाही.

म्हणून ७५ की १०० की १५० हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे किती आरपीएमपासून किती आरपीएमपर्यंत.

तरी १०० वर का थांबायचं, तेही सांगतो. २०१५ ते २०१७ च्या जीटीमधलं कोयोटी इंजिन ४३५ हॉर्सपॉवरचं, कॉम्प्रेशन ११ ला १. क्रँक फोर्ज्ड (घडीव) आहे, उत्तम आहे. पिस्टन मात्र हायपरयुटेक्टिक, म्हणजे सिलिकॉनचं प्रमाण जास्त असलेले ओतीव. रोजच्या गाडीसाठी हे पिस्टन फार चांगले: ते कमी प्रसरण पावतात, म्हणून सिलिंडरमध्ये घट्ट बसवता येतात, थंडीत आवाज करत नाहीत, तेल कमी खातात. पण ते ठिसूळ असतात. आणि कारखान्यात रिंगांच्या टोकांमधली फट ठेवलेली असते ती कारखान्याच्या हॉर्सपॉवरच्या उष्णतेसाठी. नायट्रसने वरची रिंग त्याहून तापते, वाढते, दोन टोकं एकमेकांना भिडतात. भिडल्यावर तिला वाढायला जागाच उरत नाही. ती सिलिंडरच्या भिंतीत घुसते आणि पिस्टनचा वरचा काठ ओढून काढते. असा पिस्टन हातात घेतला की फार बघावं लागत नाही. वरच्या दोन रिंगांच्या मधली जागा नखाएवढ्या तुकड्यात तुटून गेलेली असते, तुटल्या जागी राखाडी दाणेदार कडा, आणि रिंगेची दोन्ही टोकं घासून आरशासारखी चकचकीत. ती चकचकीत टोकं दिसली की दुसरं कारण शोधावं लागत नाही.

१५० चा शॉट याच इंजिनावर चालवणारे लोक आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं इंजिन शाबूत आहे. पण त्यांची गाडी सहसा दुसरी असते, ऑफिसला जायला वेगळी असते. तुमची सोमवारी सकाळी सुरू व्हायला हवी. शिवाय त्या १५० वाल्यांत २०१८ नंतरच्या गाड्याही मिसळलेल्या असतात. ते इंजिन वेगळं: १२ ला १ कॉम्प्रेशन, थेट आणि पोर्ट असं दुहेरी इंजेक्शन. त्यांचे आकडे तुमच्या गाडीला लावू नका.

आता वेट आणि ड्राय. ड्राय किट फक्त नायट्रस आत सोडतं. लागणारं जादा पेट्रोल गाडीच्या स्वतःच्या इंजेक्टरने द्यायचं. वेट किट नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एका जागी फवारतं. तिसरा प्रकार डायरेक्ट पोर्ट, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल. वाटणी सगळ्यात समान तीच, पण मॅनिफोल्डला आठ भोकं पाडून सोळा नळ्या वळवायच्या हे १०० च्या शॉटसाठी नको. दोनशे-अडीचशेच्या पुढे जाणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

ड्रायची गंमत अशी की तत्त्वतः मला तेच जास्त आवडतं. इंजेक्टर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसलेले असतात, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल मोजून मिळतं, आणि मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचण्याचा प्रश्नच नसतो. पण ड्राय किटमध्ये ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) नायट्रस सुरू झाल्याचं नेमक्या क्षणी कळलं पाहिजे आणि त्याने त्याच क्षणी इंजेक्टर जास्त उघडे ठेवले पाहिजेत. ते सगळं ट्यूनिंग करणाऱ्याच्या हातात. त्यात एक तार निसटली की नायट्रस आत जातो आणि पेट्रोल जात नाही. वेटमध्ये दोन्ही सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह) एकाच रिलेवर असतात; करंट गेला तर दोन्ही बंद. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये बसवून घ्यायच्या, रोज चालणाऱ्या गाडीला मी वेट सांगतो ते एवढ्यासाठी.

वेटमध्ये सुद्धा एकच नोझल हवेच्या पाइपमध्ये कुठेतरी ठोकून दिलेलं घेऊ नका. तुमच्या गाडीचा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे आणि तो फक्त हवा वाहण्यासाठी बनवलेला आहे. लांब पाइपमध्ये पेट्रोल फवारलं की ते वळणांवर भिंतीला धरतं, खाली साचतं, आणि बॅकफायर झाला की मॅनिफोल्डच्या चिंध्या होतात. थ्रॉटल बॉडीला लागून बसणारी प्लेट दोन्ही पदार्थ आतल्या वेगवान हवेत बारीक फोडून सोडते. शंभरच्या आतल्या शॉटला आणि ३५०० च्या वरच्या आरपीएमला एवढं पुरतं. नायट्रस एक्स्प्रेस, नायट्रस आउटलेट, एनओएस, झेक्स यांपैकी कुणाचं घ्यायचं यावर मी वेळ घालवणार नाही. तुमच्याच वर्षाच्या कोयोटीसाठी प्लेट, फ्युएल रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीचा) ॲडॅप्टर आणि जेटांचा तक्ता मिळतो का एवढं बघा आणि ज्याचे सुटे भाग डॅलसमध्ये हाताशी मिळतात ते घ्या.

ज्यात कंजुषी करू नये ते आता. इथे मी सविस्तर लिहितो, कारण किटच्या खोक्यात या वस्तू बहुधा नसतात.

पहिली वस्तू आरपीएम विंडो स्विच, म्हणजे ठरावीक दोन आरपीएमच्या मधेच नायट्रस चालू देणारा. खाली ३५००, वर ६७००. खालची हद्द का, ते वरच्या हिशेबात आलं. वरची हद्द रेव लिमिटरमुळे, म्हणजे इंजिनाला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे. तुमच्या इंजिनाची लाल रेघ ७००० ला आहे. लिमिटर लागला की ईसीयू इंधन तोडतो. किटचा सोलेनॉइड मात्र उघडाच असतो, तो ईसीयूचं ऐकत नाही. एखादा गिअर चुकला आणि लिमिटरवर इंजिन धडधडलं की त्या तेवढ्या वेळात मिक्स्चर भलतंच होऊन बसतं. वर या इंजिनाच्या ऑइल पंपाचे गिअर सिंटर्ड (भुकटी दाबून घडवलेल्या) धातूचे आहेत, लिमिटरवर आपटण्याने ते तुटतात हे कोयोटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी वस्तू पूर्ण थ्रॉटलचा स्विच. तुमच्या गाडीत एक्सिलरेटरची केबल नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक. त्यामुळे तो स्विच पेडलखाली लावायचा मोह होतो, कारण सोपं पडतं. तसं करू नका. थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं व्होल्टेज वाचणारा मॉड्यूल घ्या. कारण असं: टायर घसरले की ट्रॅक्शन कंट्रोल तुम्हाला न विचारता थ्रॉटल बंद करतो. तुमचा पाय पेडलवर पूर्ण दाबलेला, थ्रॉटलची झडप अर्धी मिटलेली. पेडलखालचा स्विच म्हणेल पूर्ण थ्रॉटल आहे, सोडा नायट्रस. थ्रॉटलचा सेन्सर खरं सांगतो. मॅन्युअल गाडी असल्यामुळे क्लचचा स्विचही त्याच तारेत ओवून घ्या, म्हणजे गिअर बदलताना नायट्रस आपोआप तुटेल. एक्सिलरेटर न सोडता गिअर बदलायची ज्यांना हौस आहे त्यांनी नायट्रसच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी वस्तू फ्युएल प्रेशरचा सेफ्टी स्विच. रेलमधला दाब ठरावीक पातळीखाली गेला की नायट्रस बंद. पंप थकला, फिल्टर तुंबला, टाकी पाव भरलेली असताना जोरात निघाल्यावर पेट्रोल मागे गेलं, काहीही झालं तरी. स्वस्तातली वस्तू आहे आणि इंजिनाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे.

आणि या सगळ्याच्या आधी एक आर्मिंग स्विच, झाकणवाला, हात लागून चालू होणार नाही असा. सोलेनॉइड भरपूर करंट खातात, म्हणून ते रिलेवरून, फ्यूज लावून. ग्राउंड थेट बॅटरीला किंवा चेसिसच्या खरवडलेल्या स्वच्छ धातूला. रंगावर स्क्रू पिळलेलं ग्राउंड पाहिलं की बाकीचं काम बघायची माझी इच्छा जाते.

प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर, म्हणजे नायट्रस हळूहळू वाढवत नेणारं उपकरण, या शॉटला गरजेचं नाही. पर्जचा, म्हणजे धावेआधी लाइनमधून बाहेर सोडलेल्या नायट्रसचा, पांढरा फवारा बघायला छान असतो. स्ट्रिपवर त्याचा उपयोगही आहे: लाइनमधली वाफ निघून द्रव तोंडाशी येतो आणि प्रत्येक वेळी जोर सारखा मिळतो. सिग्नलला उभं राहून तो सोडणं म्हणजे गावभर जाहिरात, दुसरं काही नाही.

बाटलीकडे येतो, कारण टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी हा भाग सोडून चालत नाही. १० पाउंडची बाटली घ्या. १०० च्या शॉटला ती जेमतेम दोन मिनिटं पुरते, म्हणजे पाव मैलाच्या सात-आठ धावा. पुढे दाब पडायला लागतो. बाटलीतला दाब तापमानावर ठरतो: ७० फॅरनहाइटला साधारण ७६० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). जेटांचे तक्ते सहसा ९०० ते ९५० धरून केलेले असतात, आणि तो दाब ८५ च्या आसपास मिळतो. पेट्रोलचा दाब मात्र यातल्या कशानेही बदलत नाही. म्हणजे बाटली गार असेल तर नायट्रस कमी, मिक्स्चर रिच, गाडी नुसती सुस्त. बाटली तापलेली असेल तर नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच, मिक्स्चर लीन. धोका कुठे आहे ते दिसलंच.

९७.५ फॅरनहाइट, म्हणजे ३६.४ सेल्सियस, हे नायट्रसचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर बाटलीत द्रव असा उरतच नाही आणि भरलेल्या बाटलीत दाब भराभर चढतो. ऑगस्टमध्ये प्लेनोच्या ऑफिसबाहेर उन्हात दिवसभर उभ्या गाडीची डिकी किती तापते ते तुम्ही जाणता. बाटलीच्या व्हॉल्व्हवर साधारण ३००० पीएसआयला फुटणारी सेफ्टी डिस्क असते. ती फुटली की सगळी बाटली डिकीत रिकामी होते, आणि मस्टँगची डिकी आणि प्रवाशांची जागा यांच्यामध्ये फक्त मागच्या सीटची पाठ आहे. म्हणून डिस्कला ब्लो-डाउन ट्यूब लावून ती गाडीच्या बाहेर, खाली काढायची. आणि मे ते सप्टेंबर बाटली घरी गॅरेजमध्ये ठेवायची, स्ट्रिपला जायच्या दिवशीच गाडीत लावायची. पटकन सुटणारं पण धातूचं ब्रॅकेट मिळतं. हीटर घेतला तर थर्मोस्टॅटवाला ब्लँकेट. एनएचआरएचे (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेचे) नियमही बाटली गरम करायला दुसरं काही चालू देत नाहीत. गॅसच्या बर्नरने बाटली शेकणारे लोक मी पाहिले आहेत. तेव्हा मी तिथून निघतो.

बसवताना व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला, किंचित वर उचललेला, लेबल आकाशाकडे. आतली नळी मागच्या तळाशी वाकलेली असते आणि गाडी सुटताना द्रव मागे जातो; उलटी लावली तर ऐन वेळी नळीत वाफ येते.

ट्यूनिंग. बिनट्यूनिंगचं चालतं असं किटच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीत चालणार नाही. नायट्रसमुळे मिक्स्चर लवकर जळतं, म्हणून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घ्यावं लागतं. दर ५० हॉर्सपॉवरला २ अंश हा जुना ठोकताळा अजून उपयोगाचा आहे, म्हणजे १०० ला ४ अंश. कोयोटीचा ईसीयू मात्र उलटा वागू शकतो: नॉक ऐकू येत नाही म्हटल्यावर तो स्वतःहून टायमिंग थोडं वाढवतो. ती मुभा नायट्रसच्या ट्यूनिंगमध्ये काढून टाकायला सांगा. ट्यूनर हे स्वतःहून बोलला तर तो जाणता आहे. विचारल्यावर गोंधळला तर दुसरा बघा. पेट्रोल ९३ ऑक्टेनचं, ते टेक्सासात सगळीकडे मिळतं. प्लग कारखान्यापेक्षा एक पायरी थंड, बारीक टोकाचे इरिडियम नकोत, आणि गॅप पाऊण मिलिमीटरच्या आसपास. मूळची गॅप सव्वा मिलिमीटरच्या घरात असते आणि नायट्रसच्या दाबाखाली ठिणगी एवढी उडी मारताना कधीतरी चुकते. चुकलेली एक ठिणगी म्हणजे न जळलेलं सगळं मिश्रण पुढच्या ठिणगीची वाट बघत बसलेलं.

आता जुनं किट. ते कोणत्या गाडीवर होतं ते आधी विचारा. १९८६ ते १९९३ च्या फाइव्ह लिटर मस्टँगवरचं ड्राय किट असेल तर विषय संपला: ती किट बाटलीचा दाब वापरून फ्युएल रेग्युलेटरचा दाब वाढवत, आणि तुमच्या गाडीच्या रिटर्नलेस (टाकीकडे परतीची नळी नसलेल्या) इंधनव्यवस्थेत तसा रेग्युलेटरच नाही. वेट असेल तर बाटलीच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखालच्या चाचणीची) तारीख बघा. ती पाच वर्षांहून जुनी असेल तर कुणी जबाबदार दुकानदार भरून देणार नाही. फेरचाचणी करून घ्यावी लागेल. डीओटी-१८०० चा (अमेरिकी वाहतूक खात्याच्या मानकाचा) शिक्का नसलेली बाटली स्ट्रिपवर तपासणीत परत पाठवतात.

सोलेनॉइडची परीक्षा घरी होते. नायट्रसच्या लाइनला बाटली जोडा, सोलेनॉइडच्या पुढची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि बाटली उघडा. सोलेनॉइड बंद असताना एकही बुडबुडा यायला नको. दर चार-पाच सेकंदांनी एक जरी आला तरी आतलं सील गेलेलं आहे. उभ्या गाडीत बाटली दहा मिनिटं उघडी राहिली, मॅनिफोल्ड नायट्रसने भरला आणि चावी फिरवली, की बॉनेटखालून जो आवाज येतो तो विसरता येत नाही. साडेतीनशेत बाटली चांगली आणि तारखेतली निघाली तरी बाकीचं बहुतेक नवंच घ्याल. त्यामुळे मला विचाराल तर दीडशे द्या, बाटली आणि ब्रॅकेट घ्या. त्याला नको असेल तर नमस्कार करा.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर नवं प्लेट किट हजार डॉलरच्या आसपास. वर सांगितलेले स्विच, हीटर, ब्लो-डाउन, प्लग, ट्यूनिंग आणि डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) वेळ मिळून आणखी जवळपास तेवढेच. सुपरचार्जरच्या निम्म्याच्याही आत. मूळ क्लच १०० ला घसरायला लागू शकतो, ती रक्कम यात नाही.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासात २०२५ पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद झाली, पण तुमच्या कॉलिन काउंटीत उत्सर्जनाची तपासणी अजून लागते. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जागेवर, चालू. विमा कंपनीला कळवा, लपवू नका. आणि रस्त्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह बंद. हायवे ७५ ही स्ट्रिप नाही. भरून मिळणाऱ्या ऑटोमोटिव्ह नायट्रसमध्ये सल्फर डायऑक्साइड मुद्दाम मिसळलेला असतो, कुणी हुंगू नये म्हणून. मित्रांना आधीच सांगून ठेवा.

पुण्यातले माझे भाचे हे वाचतील म्हणून तेही लिहितो: भारतात हे करायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरबदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पक्कं केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरबदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दाबाखालचा सिलिंडर डिकीत बाळगणं हा त्यावरचा वेगळा विषय.

किट बसल्यावर पहिला दिवस एनिसला, टेक्सास मोटरप्लेक्सवर घालवा. संध्याकाळची वेळ घ्या, बाटली आटोक्यात राहते. पहिल्या दोन धावा नायट्रसशिवाय, नायट्रसच्याच ट्यूनिंगवर, नवे प्लग लावून. लॉग बघा: फ्युएल प्रेशर, मिक्स्चर, टायमिंग. मग ७५ चा जेट, बाटलीवर ९०० पीएसआय. पूर्ण धाव झाली की शेवटच्या रेषेनंतर क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि गाडी तशीच घरंगळू द्या. आयडलवर परत आणलीत तर प्लगवरची खूण पुसली जाते. गाडी ढकलत बाजूला घ्या, निवल्यावर प्लग काढा आणि भिंगाखाली धरा. पोर्सिलेन स्वच्छ किंवा फिकट बदामी, आणि ग्राउंड पट्टीवरचा रंग बदलल्याची रेघ वळणाच्या जवळपास, म्हणजे ठीक. पोर्सिलेनवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते बारीक कण दिसले तर ते कण पिस्टनचे आहेत. तसं असेल तर १०० चा जेट डब्यातच राहू द्या, टायमिंग आणखी २ अंश मागे घ्या आणि नवे प्लग लावून त्याच ७५ वर पुन्हा एक धाव करा.